दुसऱ्या कडव्यातला खोकला

मठाच्या बुवांनी घंटेवर शेवटचा टोला दिला, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि चिगुसाने पुढे बसलेल्या थोरल्या भावाच्या तळपायाला बोट लावलं.

एकच बोट. हलकंसं. दही लागलंय का बघतात तसं.

पाऊण तास गुडघे दुमडून बसलेला माणूस. दोन्ही पायांत मुंग्यांचं वारूळ. हिदेनोरी "आई गं!" करून ओरडला आणि काळ्या सुटासकट आडवा झाला, तो थेट आईच्या फोटोपुढे.

"घ्या, दादाने लोटांगण घातलं," चिगुसा म्हणाली. "ओसाकाहून येऊन एवढी भक्ती कोण करतं हल्ली?"

"चौपन्न वर्षांची झालीस ना गं तू?" फुमिएवहिनी नवऱ्याला उठवता उठवता म्हणाली.

"पुढच्या महिन्यात होईन. तोवर चालतं."

कियोएमावशी बाहीत तोंड लपवून हसत होती. बुवासुद्धा उदबत्ती सारखी करायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभे राहिले. फोटोतली इसोए, म्हणजे चिगुसाची आई, निळा एप्रन घालून जरा बाजूलाच बघत होती. फोटो काढताना ती नेहमी अशीच. कोणी हाक मारली तर बरं, निघून जाता येईल, असा चेहरा. तिला जाऊन दोन वर्षं झाली, म्हणजे मरणाचं वर्षही धरणाऱ्या मठाच्या मोजणीने हे तिसरं श्राद्ध.

हसले नाहीत ते फक्त बाबा. यासुजी निशिमोरी, वय चौऱ्याऐंशी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शनिवार होता. शनिवारी तीन वाजता घरचा तोफू-मासळी विकायचा ट्रक वरच्या वाडीला जातो.

"आजचा दिवस राहू दे की बाबा," हिदेनोरी पाय चोळत म्हणाला. "आज आईचं श्राद्ध."

"इसोए मेलीये. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या अजून मेलेल्या नाहीत," बाबा म्हणाले. "त्यांना तोफू लागतो."

बुवा चहा न घेताच निघाले.

*

जेवण झकास झालं. भल्यामोठ्या थाळ्यांत गवताच्या जाळावर शेकलेला कुप्पा मासा, वर लसणाच्या चकत्या, शेजारी तांदळाचे मुटके, आणि साकेच्या बाटल्या तर अशा, की श्राद्ध आहे का बारसं असा प्रश्न पडावा. जपानातल्या या कोचीच्या माणसाला दु:खातसुद्धा तहान लागते. इथली रीत अशी, की समोरच्याने आपला प्याला भरून दिला की तो रिकामा करायचा आणि भरून त्याच्याच हातात परत द्यायचा. प्याला फिरतोय तोवर बोलणं चालू. प्याला थांबला की बोलणं संपलं.

हिदेनोरी आज सारखा बाबांनाच प्याला देत होता. चिगुसाला त्यातलं मर्म कळत होतं. गेली दोन वर्षं, नव्या वर्षाला आणि उन्हाळ्यात, दादा यायचा, प्याला द्यायचा आणि म्हणायचा, "बाबा, ओसाकाला चला." बाबा प्याला परत द्यायचे आणि म्हणायचे, "शनिवारी काम असतं." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असला हा माणूस.

दादाचंही चुकत नव्हतं. मागच्या थंडीत बाबा न्हाणीघरात घसरले होते. दोन तास ओल्या फरशीवर पडून होते. चिगुसा खाली गावात राहायची, पंधरा मिनिटांवर. पण पंधरा मिनिटांवरच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. तेव्हापासून दादा फोन करायचा तेव्हा पहिला श्वास जरा जास्तच जोरात घ्यायचा. चिगुसाला तो ऐकू यायचा.

"आज बाबांसाठी एक भेट आणलीये," हिदेनोरी म्हणाला आणि उठला. पाय अजून झोपलेला होता, त्यामुळे भाषण लंगडतच सुरू झालं. "काल संध्याकाळी मी ट्रक घेऊन गेलो होतो, आठवतंय? चिगुसाला म्हटलं, हवा भरून आणतो."

"मी म्हटलंच, ओसाकाच्या माणसाला हवा भरायला अडीच तास लागतात," चिगुसा म्हणाली.

"चूप बस. बाबा, तुमचा तो ट्रकमधला टेपरेकॉर्डर, गिऱ्हाइकांना गाणं लावून बोलवायचा. एकोणचाळीस वर्षं झाली त्याला. ट्रक तीन बदललेत, टेप तीच. भोंग्यातून गाणं येतं का बादलीतला बेडूक ओरडतो, कळत नाही. तर गॅरेजवाल्याकडून तो काढून टाकला आणि नवं मशीन बसवलं. आणि गाणं तेच! 'धुक्यातली शेवटची बोट'. मूळ रेकॉर्ड, साफ केलेली. तीन आठवडे शोधत होतो."

त्याने खिडकी उघडली, अंगणातल्या ट्रककडे रिमोट रोखला आणि बटण दाबलं.

आणि काय सांगावं! व्हायोलिनं अशी आली की डोंगरावर पाऊस यावा. मग बाईचा आवाज. काचेसारखा. जुन्या काळच्या त्या रेडिओवरच्या बाईचा, जिच्यावर अर्धा जपान फिदा होता.

*शेवटची बोट गेली, धुकं तेवढं उरलं,*
*तुझ्या छत्रीत माझं अर्धंच अंग मावलं…*

फुमिएवहिनीने टाळ्या वाजवल्या. हिदेनोरीने प्याला भरला आणि बाबांच्या हातात दिला. चेहरा असा, की शाळेत पहिला नंबर आलाय आणि आता शाबासकी येणार.

बाबांनी गाणं पूर्ण ऐकलं. दुसरं कडवं आलं आणि गुळगुळीत निघून गेलं. बाबांनी प्याला रिकामा केला.

आणि चटईवर ठेवला.

परत दिला नाही. ठेवला.

चौपन्न वर्षांत चिगुसाने बाबांना प्याला खाली ठेवताना बघितलं नव्हतं.

"छान आहे," बाबा म्हणाले. "स्वच्छ आहे. जुनी टेप कुठेय?"

"ती त्या मशीनमध्ये अडकलेली होती. म्हटलं, टाकून द्या."

"बरं केलंस." बाबांनी प्याला बोटाने बाजूला सारला. मग म्हणाले, "हिदे, मी ओसाकाला येतो."

हिदेनोरीचं तोंड उघडंच राहिलं. दोन वर्षं दार ढकलत असलेल्या माणसाच्या हातात दार अलगद उघडावं आणि तो तोंडावर पडावा, तसं झालं त्याचं. मग तो हसायला लागला, डोळे पुसायला लागला. "बघ चिगुसा! बघ! गाण्याने जे केलं ते…"

कियोएमावशीने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, चिगुसाकडे बघितलं आणि स्वयंपाकघराकडे मानेने खूण केली.

*

"सांगून टाक त्याला," मावशी नळ सोडून म्हणाली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"मी आईला शब्द दिलाय. तोफूच्या बादलीत हात बुडवून."

"मग मी सांगते. मी बादलीत हात घातला नव्हता."

"काय सांगायचंय?" दारात फुमिएवहिनी उभी. हातात रिकाम्या थाळ्या. वहिनीने थाळ्या ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि एप्रनला हात पुसत म्हणाली, "हे बघा, मी खरं बोलते. दोन वर्षं मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा नाही म्हणू देत. आमची खोली एवढीशी, खिडकीतून समोरची भिंत. आणि आज ते हो म्हणाले तर मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. असं हो कोण म्हणतं? माझे वडील दवाखान्यात असं म्हणाले होते, की आता दिवा बंद केला तरी चालेल."

चिगुसाने तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत या दोघींचं एकमेकींशी पटलं ते फक्त भातात पाणी किती घालायचं यावर, तेही एकदाच.

"वहिनी," ती म्हणाली, "चल बाहेर. दादाला धरून उभी राहा. तो पडेल."

हिदेनोरी अंगणात ट्रकमधल्या नव्या मशीनचा डबा रुमालाने पुसत होता.

"दादा, त्या टेपवर ती रेडिओवाली बाई नव्हती," चिगुसा म्हणाली. "आई होती."

हिदेनोरीने तिच्याकडे बघितलं. हे बघणं तिच्या ओळखीचं होतं. सात वर्षांची असताना तिने त्याला सांगितलं होतं, की तुला आम्ही मासेवाल्याकडून उरलेल्या बांगड्यांसोबत फुकट घेतला. त्याच्या लग्नाच्या दिवशी तिने दोन डाव्या पायांचे बूट काढून ठेवले होते. आणि आज सकाळचा तळपाय तर अजून ताजा होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं शेवटी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"आजच्या दिवशी तरी नको गं," तो थकून म्हणाला.

"खरं सांगतेय."

"आई गात नव्हती. न्हाताना गुणगुणायचीसुद्धा नाही."

"एकदा गायली. तू ओसाकाला गेलास त्याच वर्षी, मे महिन्यात. नदीवरच्या मासे सोसायटीची गाण्याची स्पर्धा होती. बाबांनी गंमत म्हणून तिचं नाव देऊन टाकलं, तिला न विचारता. मी चौदा वर्षांची. पहिल्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. आई स्टेजवर गेली, ती बाबांना ठार मारायच्या चेहऱ्याने. अ‍ॅकॉर्डियनवाला सुरू झाला. ती गायली. शेवटून तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून ती निळी बादली मिळाली."

हिदेनोरीची नजर ट्रकच्या मागच्या बाजूला गेली. निळी बादली तिथेच होती, काठाचा रंग उडालेली. लहानपणापासून… नाही, लहानपणी ती नव्हती. तो गेल्यानंतर आली होती. हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं.

"बाबा पुढच्या शनिवारी टेप ट्रकमध्ये घालून वर गेले," चिगुसा म्हणाली. "म्हणाले, रेकॉर्ड आहे, लोकांना काय कळतंय. आई महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी. मग तह झाला. टेप एकच, दुसरी काढायची नाही, खाली गावात वाजवायची नाही, कोणाला सांगायचं नाही. घरात ठाऊक होतं ते आम्हा तिघांना, आणि मावशीला."

"कॉपी नाही?"

"शब्द दिला होता ना. ती गेल्यावर मी म्हटलं, एक काढू या. बाबा म्हणाले, तिला विचार आणि काढ."

हिदेनोरीचा विश्वास बसला नव्हता, पण उडतही नव्हता. मग कियोएमावशी पुढे आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाटाण्याएवढी बाई. तिने हात पोटावर ठेवले आणि बारीक आवाजात म्हटलं,

*मी नाही रडले…*

खुक्. एक छोटा खोकला, मुठीत दाबलेला.

*…डोळ्यांत खारं पाणी गेलं.*

हिदेनोरीने ट्रकच्या दाराला हात टेकला.

"तो खोकला," तो म्हणाला. "मला वाटायचं रेकॉर्डवर ओरखडा आहे." मग म्हणाला, "तो ओरखडा नसलेलं गाणं शोधायला तीन आठवडे लागले मला."

फुमिएने त्याचा दंड धरला.

"इसोएला कधी खोकला झालेला बघितलायस तू?" मावशी म्हणाली. "गारठ्यात नदीवर तोफूची फडकी धुवायची ती. शिंकायचीसुद्धा नाही. एप्रिलमध्ये तू गेलास हिदे. स्पर्धा मेमध्ये होती. खोकला नव्हता तो."

मग हिदेनोरीने गॅरेजला फोन लावला. त्याचं "हो का", "अच्छा", "नाही नाही, तुमची काय चूक" एवढंच ऐकू येत होतं, आणि दर "हो का"ला त्याचे खांदे बोटभर खाली जात होते. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. कुठून आला, कुठे गेला, कोण सांगणार.

तेवढ्यात दार सरकलं. काळ्या सुटावर रबरी बूट चढवून बाबा बाहेर आले.

"तीन वाजले," ते म्हणाले. "चला. शेवटचं जाऊन येतो. म्हाताऱ्यांना सांगायला हवं, पुढच्या शनिवारपासून मी नाही म्हणून."

*

छोट्या ट्रकमध्ये दोनच माणसं मावतात. चिगुसा चालवत होती, बाबा शेजारी. मागून दादाची गाडी, त्यात वहिनी आणि मावशी. खाली नियोदो नदी हिरवीगार पडली होती. समुद्र इथून दोन तासांवर. वरच्या वाडीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात बोट पाहिली असेल ती कॅलेंडरवर. आणि गाणं कसलं, तर बंदराचं.

"हिदेला सांगितलंस," बाबा म्हणाले.

"हो."

"शब्द दिला होतास."

"माहितीये. आई स्वप्नात येऊन कान धरेल."

"नशीबवान आहेस." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "त्याची चूक नाही. त्याला कोणी सांगितलं होतं? गंमत माझी होती. गंमत लांबली की असं होतं."

चिगुसाने गिअर बदलला. तिला काहीतरी चावट बोलायचं होतं, तोंडात येतच नव्हतं. शेवटी सरळच विचारलं, "बाबा, का हो म्हणालात?"

"दर शनिवारी मी वर कशाला जायचो? तोफू तू विकतेसच. पैसे तू घेतेस, बोलणं तू करतेस. मी बसून असतो." त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली, सुलटी केली. "तीन वळणं. त्या तीन वळणांत ती एकदा गायची. आता वर जाऊन काय करू, आणि खाली राहून काय करू? हिदेच्या पोटात गोळा येतो माझ्यामुळे. त्याचा तरी जाईल."

मोठ्या सुरूच्या झाडाशी पहिलं वळण आलं. इथे बटण दाबायचं, हा एकोणचाळीस वर्षांचा नियम. चिगुसाने दाबलं. व्हायोलिनं सुरू झाली. स्वच्छ, गोड, साऱ्या दरीत भरून.

दुसऱ्या ओळीला तोमेयोआजीचं दार उघडतं. तिसऱ्या ओळीला वरच्या दोघी बहिणी छत्र्या टेकत निघतात. पहिलं कडवं संपेस्तोवर बसथांब्याच्या छपराखाली सात जणी पिशव्या घेऊन उभ्या असतात. एकोणीस घरांत उरलेल्या सात.

आज ट्रक थांब्याला लागला तरी कोणी नाही. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. गाणं संपलं. एक कावळा ओरडला आणि तोही उडून गेला.

"मेल्या की काय सगळ्या?" चिगुसा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

दादाची गाडी मागे येऊन थांबली. सगळे उतरले. सगळी दारं बंद. एका खिडकीचा पडदा हलला आणि परत जागेवर आला.

मग युझूच्या, म्हणजे लिंबांच्या, बागेतून तोमेयोआजी आली. एक्याण्णव वर्षांची, कमरेत काटकोन, हातात कोयता. कोयता खाली न ठेवताच तिने वर बघितलं.

"अय्या, यासुजी तू होय? मला वाटलं गादीवाला!"

"कोण गादीवाला?"

"मागच्या महिन्यात आला होता एक, गोड गोड गाणी लावून. त्या वरच्या योनेला चुंबकाची गादी गळ्यात मारून गेला. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, ओळखीचं गाणं नसेल तर कड्या लावायच्या. मी मेली बाहेर होते म्हणून कोयता घेऊन आले."

"पण गाणं तेच आहे आजी," हिदेनोरी पुढे होऊन म्हणाला. "तेच गाणं. शब्द तेच, चाल तीच."

"तू हिदे ना? केवढा म्हातारा झालास." तोमेयोआजीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तेच कसं असेल? ही बाई खोकत नाही."

तिने कोयता भोंग्याकडे रोखला.

"आपली इसोए कशी, दुसऱ्या कडव्यात खोकते. ती खोकली की मी सूप गॅसवरनं उतरवते आणि पिशवी घेऊन निघते. एवढ्या वर्षांत एकदा सूप उतू गेलं नाही माझं."

बाबा ट्रकमधून सावकाश उतरले. "तुला ठाऊक होतं? ती आहे म्हणून?"

"मला? सगळ्यांना. पहिल्याच दिवसापासून. अरे, जिच्या हातचा तोफू खातो तिचा गळा ओळखणार नाही आम्ही?"

"मग एकोणचाळीस वर्षं बोलली का नाहीस, म्हातारे?"

"ती लाजायची रे," तोमेयोआजी म्हणाली. "इथेच उभी राहायची, बादलीत हात घालून. वर भोंग्यात तिचा आवाज आणि खाली ती मान घालून, कान लालबुंद. आम्ही म्हटलं, हिला वाटतंय आम्हाला ठाऊक नाही, तर वाटू दे. एकीने जरी म्हटलं असतं ना, 'छान गातेस गं', तर पुढच्या शनिवारी आली नसती. तोफू गेला असता आणि गाणंही."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर साऱ्या डोंगराला फसवतोय म्हणून मनात गुदगुल्या होत असलेला माणूस, आणि डोंगर त्यालाच फसवून बसलेला.

"टेप गेली, तोमेयो," ते म्हणाले. "हरवली. आता हीच बाई."

तोमेयोआजीने कोयता बाकावर ठेवला, वळली आणि घरांकडे तोंड करून ओरडली, "अगं ए! या बाहेर! आपला यासुजी आहे!"

कोणी आलं नाही. सात जणींत मिळून चांगले कान चार.

"बहिऱ्या मेल्या," आजी म्हणाली. तिने तोंडाशी दोन्ही हात धरले, पुढे आलेल्या दोन दातांवरून ओठ सारखे केले आणि गायला लागली.

आवाज म्हणावा तर तो आवाज नव्हता. गंजलेली बिजागरी होती. पण चाल इसोएची होती. इसोए जिथे घाईघाईने श्वास घ्यायची तिथेच तिने श्वास घेतला. 'छत्री' या शब्दावर इसोए जरा वर जायची, कारण भीतीने पट्टी चुकली होती. तोमेयोआजी तेवढीच वर गेली, तंतोतंत.

एक कडी निघाली. मग दुसरी. योने आली, ओठ हलवत. वरच्या बहिणी छत्र्या टेकत उतरल्या, एक गात होती, दुसरी तिच्या तोंडाकडे बघून गात होती. पिशव्या, काठ्या, एप्रन. कोणी कोणाला विचारलं नाही, काय झालं म्हणून. पहिलं कडवं संपलं तेव्हा सात जणी छपराखाली होत्या. ते गाणं रेडिओवर ज्या बाईने गायलं, तिने हे ऐकलं असतं तर खटला भरला असता.

दुसरं कडवं आलं. हिदेनोरी पाठीमागे हात बांधून उभा होता, शाळेत उभे राहतात तसा.

*मी नाही रडले…*

खुक्.

सातही जणी. एकदम. मुठी तोंडाशी.

*…डोळ्यांत खारं पाणी गेलं.*

आणि पुढे चालू, जसं काही हा खोकला कवीनेच लिहून ठेवला होता.

बाबांनी ट्रकची मागची फळी धरली. चिगुसाने त्यांच्याकडे बघितलं नाही. एकमेकांकडे न बघण्याचा तह घरात आधीपासून होता. तिने बादलीत हात घातला आणि तोफू काढायला लागली. पाणी गार होतं. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, तर शेजारून फुमिएवहिनीने न बोलता रुमाल पुढे केला आणि स्वतःच तिचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

गाणं संपलं. लगेच योने म्हणाली, "मला दोन. आणि बांगडा ताजा असेल तर, नसेल तर नको." दुनिया सुरू झाली.

बाबांनी फळीवरची वही ओढली. पेन्सिल जिभेला लावली.

"तोमेयो, पुढच्या शनिवारी तुला किती?"

"दोन. नात येणारे, तीन लिही."

"तीन," बाबांनी लिहिलं.

हिदेनोरी जवळ गेला. "बाबा. पुढच्या शनिवारी…"

"तीन सांगितलेत ना तिने. ऐकू नाही आलं?" बाबा वहीतून मान वर न काढता म्हणाले.

चिगुसाला दादाचा तो मोठा श्वास ऐकू आला, फोनवर यायचा तोच. आता काहीतरी फुटणार, असं तिला वाटलं. पण दादाने श्वास नुसताच सोडला.

"न्हाणीघरात दांडी बसवायची," तो म्हणाला. "भिंतीला. दोन ठिकाणी. आणि गळ्यात घंटी घालायची, दाबली की चिगुसाकडे वाजेल अशी. काढायची नाही, झोपतानासुद्धा. यातलं एक जरी मोडलंत ना बाबा, तर मी उचलून नेईन."

"घंटी मांजराला घालतात."

"मांजर ऐकतं तरी."

बाबांनी वहीचं पान उलटलं. "दांडी लाव," ते म्हणाले. "घंटीचं बघू."

"घंटीसुद्धा," फुमिएवहिनी मागून म्हणाली. आजवर तिने सासऱ्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग चिगुसाकडे, मग मावशीकडे. तिघी एका रांगेत उभ्या. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"बरं, घंटीसुद्धा," ते पुटपुटले. मग तोमेयोआजी बागेत जाताना बाकावर ठेवून गेलेला पाण्याचा प्याला उचलला, रिकामा केला, ट्रकमधल्या किटलीतून चहा ओतून भरला आणि हिदेनोरीच्या हातात दिला.

हिदेनोरीने तो धरला. रिकामा केला. प्याला भरून परत देताना त्याने अगदी हळू विचारलं, "आजी, ते एकदा पुन्हा म्हणाल? दुसरं कडवं?"

"आता? बांगडा हातात आहे माझ्या."

"बांगड्यासकट म्हणा."

सात जणींनी पिशव्या खाली ठेवल्या. योनेने दात सारखे केले. तोमेयोआजीने सुरुवात करून दिली, आणि या वेळी बाबाही त्यांच्यात जाऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन. गाणं ओढ्यासारखं गडगडत त्या जागेवर आलं.

*मी नाही रडले…*

खुक्. सात म्हाताऱ्या. मावशी. चिगुसा. बाबा. सगळे एकदम.

आणि सगळे पुढे निघाल्यावर, पूर्ण एक ठोका उशिरा, एकटाच, हिदेनोरी.

गाणं थांबलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याची मूठ तोंडाशीच होती, डोळे गच्च मिटलेले.

"उशीर केलास," बाबा म्हणाले. त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "चल. पुन्हा. मी सांगतो केव्हा ते."